काठाकाठानं

तपासणीचा आरसा दाताला लागला की बारीक टिक् असा आवाज होतो... एकदा, फार तर दोनदा. शेजारच्या खोलीतून मात्र तो सलग येत होता, टिक् टिक् टिक्, आणि ती हातातली सुई तशीच धरून थांबली. तिच्या खुर्चीतल्या पेशंटनं आ वासलेल्या तोंडानंच भुवया उंचावल्या. तिनं हसून मान हलवली आणि सुई टोचली.

बाबांचा हात थरथरत होता. वर्षभर तिनं ते पाहिलं नव्हतं... म्हणजे पाहिलं होतं आणि त्याला कधी थकवा म्हटलं होतं, कधी थंडी, कधी अपुरी झोप. पण काल ड्रिल घसरलं आणि एका शाळामास्तरांचा ओठ आतून कापला गेला. तिनं धावत जाऊन टाके घातले. मास्तर बिचारे उलट बाबांनाच धीर देत होते, की डॉक्टर, माझा तुमच्यावर पूर्ण भरवसा आहे. तो भरवसाच तर वाईट. उद्या ओठाऐवजी जीभ असेल, एखादं लहान मूल असेल. आता थांबा, हे त्यांना सांगायला हवं. आणि सांगणार कोण, तर मी... त्यांच्याच हाताखाली दात काढायला शिकलेली, आई गेल्यापासून या दवाखान्याशिवाय त्यांना कुठेच करमत नाही हे रोज पाहणारी मी.

दुपारी बाबा आत आडवे झाले तेव्हा तिनं बाईंना फोन लावला.

बाई म्हणजे तिच्या पोहण्याच्या कोच. गळ्यात कायम शिट्टी, पण ती वाजलेली तलावावर कुणी ऐकली नव्हती. मुली आपसात म्हणायच्या, शिट्टीच्या आत गोळीच नाही. ती पाठीवर पोहायची. पाठीवर पोहणाऱ्याला पुढची भिंत दिसत नाही, नुसतं छत दिसतं, आणि तिला दिसायच्या डोळ्याच्या कोपऱ्यात काठाकाठानं, तिच्याच वेगानं चालणाऱ्या बाई. मोठ्या स्पर्धेच्या निवडीला महिना उरला असताना एका संध्याकाळी त्यांनी तिला थांबवून घेतलं होतं. पाय पाण्यात सोडून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "तुझा खांदा याहून जास्त देणार नाही. तू कमी पडली नाहीस. पण मी तुला आता दामटत राहिले, तर पुढं केस विंचरायलाही हात वर जायचा नाही." बस्स, एवढंच. त्यानंतर कितीतरी दिवस तिनं बाईंशी बोलणं टाकलं होतं. बाई तरी घरी यायच्या, आईशी गप्पा मारायच्या, बंद दाराला ऐकू जाईल अशा आवाजात. पुढे दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला ती नापास झाली तेव्हा आल्या, लग्न मोडलं तेव्हा आल्या. पोहणं सुटलं, बाईंचं काठाकाठानं चालणं सुटलं नाही.

फोनवर तिनं ओठ, टाके, मास्तर सगळं सांगितलं. मग बाईंनी विचारलं, "बसणार कुठे आहेस?"

"म्हणजे?"

"त्यांच्या समोर बसू नकोस. समोरच्या माणसाशी भांडावंसं वाटतं."

"आणि रागावले तर?"

"रागावतीलच. तू दुसऱ्या दिवशी हजर राहा."

नेमकं काय बोलायचं, ते बाईंनी सांगितलंच नाही. तिलाही विचारावंसं वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत ती दात कोरत राहिली, कापूस चावायला देत राहिली, आणि मनात वाक्यं जुळवून मोडत राहिली.

शेवटचा पेशंट गेल्यावर बाबा बाहेरच्या बाकावर टेकले, रोजच्यासारखे, चष्मा पुसत. ती शेजारी जाऊन बसली. दोघांच्या समोर दातांचं जुनं चित्र होतं, तिच्या लहानपणापासून तिथंच. जुळवलेलं एकही वाक्य कामी आलं नाही. तिनं साधं सांगितलं, की बाबा, हात थरथरतोय, कालचं परत होईल, आणि तुम्ही खुर्चीपाशी उभे नसलात तरी मला तुम्ही इथंच हवे आहात. बाबांचा चष्मा कधीच स्वच्छ झाला होता, तरी ते पुसत राहिले.

पुसता पुसताच म्हणाले, "मास्तर उद्या टाके दाखवायला येतील."

"हो."

"त्यांना तू बघ."

आणि बाकीच्यांना? ते उद्यापुरतं म्हणाले की कायमचं, तिला कळलं नाही. विचारायची तिला भीती वाटली. आणि तेव्हाच, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तिच्या ध्यानात आलं, की त्या संध्याकाळी तलावावर आपण सबंध वेळ पाण्याकडे पाहत होतो. बाईंच्या चेहऱ्याकडे एकदाही नाही. त्या संध्याकाळचं भय आपलं एकटीचं होतं असंच ती धरून चालली होती. ते वाक्य बाईंनी किती दिवस पोटात बाळगलं असेल, किती वेळा उद्यावर ढकललं असेल, घरी जाताना त्यांना कसं वाटलं असेल... आणि त्यानंतर आपल्या बंद दारापाशी येऊन आईशी मोठ्यानं गप्पा मारणं!

बाबा अजून चष्मा पुसत होते. तिला उत्तराची घाई उरली नव्हती. रस्त्यावरचे दिवे लागले, चित्रावरच्या काचेत दोघंही पुसट दिसू लागले, आणि ती बसून राहिली, बाबांना उठावंसं वाटेपर्यंत बसायच्या तयारीनं.