संध्याकाळचा कप्पा

मित्रांनो, मी गोळ्यांचा एक जुना डबा आहे. आठवड्याचे सात दिवस आणि दिवसाचे चार कप्पे, अशी अठ्ठावीस झाकणे मला आहेत. खैरुद्दीन यांनी मला आखाती देशातल्या मुसफ्फाच्या एका औषधदुकानातून आणले, त्याला सहा वर्षे झाली. तिथल्याच रुवैसच्या तेल रिफायनरीत त्यांनी एकतीस वर्षे शिफ्ट केल्या. मग उजवा हात थरथरू लागला, पार्किन्सन निघाला, आणि ते मोहम्मद बिन झायद सिटीत मुलाकडे, तहाकडे, राहू लागले.

दर शुक्रवारी नमाजानंतर त्यांची बायको कुबरा मला भरत असे. डोपामिन वाढवणाऱ्या मोठ्या गोळीने हाताची थरथर थांबली. मात्र खैरुद्दीन नीट जेवत नसत, नातीशी, इनायाशी, बोलत नसत. रिटायर झाल्यावर माणूस असाच होतो, असे घरचे म्हणत. डॉक्टरांना ते पटले नाही. या आजारात मेंदूतले हालचाल सांभाळणारे डोपामिन आटते तसे मन सांभाळणारे सेरोटोनिनही घटते, ही उदासी आजारातलीच आहे, असे त्यांनी सांगितले. शिवाय उरलेल्या सेरोटोनिनच्या पेशींना मोठ्या गोळीपासून डोपामिनही बनवावे लागते.

"म्हणजे दुसऱ्याच्या शिफ्टला उभा केलेला माणूस," खैरुद्दीन म्हणाले. "त्याला व्हॉल्व्ह किती उघडायचा ते कळत नाही."

म्हणूनच कधी अंग नको तितके हलते, असे डॉक्टर म्हणाले. सेरोटोनिन टिकवून धरणारी छोटी पिवळी गोळी त्यांनी लिहून दिली. ती माझ्या संध्याकाळच्या कप्प्यात आली. दोन महिन्यांनी खैरुद्दीन इनायाला पत्ते शिकवू लागले. ती पत्ता लपवी, ते पकडत.

पुढे रत्नागिरीत पुतण्याचा निकाह ठरला. तिकिटे निघाली. डोक्याच्या गोळ्या घेऊन गावाहून परत येणाऱ्याला विमानतळावर अडवतात, असे तहाला ऑफिसात कुणी सांगितले. त्याने निघायच्या तीन आठवडे आधीच पिवळी गोळी बंद केली.

डॉक्टरला विचार, असे कुबरा दोनदा म्हणाली.

"हात थरथरतो का, अम्मी? नाही ना? मग खलास."

संध्याकाळचे सात कप्पे रिकामे राहिले. आधी पत्ते सुटले, मग जेवण. निघायच्या दिवशी खैरुद्दीन नवा कुर्ता घालून पलंगावर बसले. हात स्थिर होता.

"मी नाही गेलो तर कुणाचं काय अडतं?" ते म्हणाले.

कुबराने बॅग उघडून कपडे परत कपाटात ठेवले.

डॉक्टरांची चिठ्ठी आणि परवानगीचा कागद पुरला असता, हे तहाला नंतर कळले. पिवळी गोळी माझ्या कप्प्यात पुन्हा आली, पण आता खैरुद्दीन कुठल्याच गोळीसाठी तोंड उघडत नाहीत. हात पुन्हा थरथरतो.

"दादा, प्लीज. जस्ट वन," इनाया आजोबांना म्हणते. ते भिंतीकडे पाहतात.

मित्रांनो, थरथर दिसते, म्हणून तिची गोळी कुणी काढत नाही. न दिसणाऱ्या दुखण्याची गोळी काढण्याआधी डॉक्टरांना एक फोन करा. माझे एवढेच मागणे आहे.

काल शुक्रवार होता. कुबरा मला भरायला बसली. तिने एकेक झाकण उघडले. अठ्ठावीस कप्पे भरलेलेच होते. तिने ती सगळी झाकणे पुन्हा लावली.