तुलारामचा वाटा

"इतवारीभाऊ, रिंकूले कायले उभी करता? आपली रक्षा आली ना! तिलेच करा पाठमोरी!"

मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष गोपीचंद तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, ओरडला आणि सगळी पार "हो, हो, रक्षाच पाहिजे" म्हणू लागली. इतवारीच्या हातातला रोहू निसटून पळसाच्या पानावर पडला. गावाला दीड वर्ष तोंड बंद ठेवता आलं आणि नेमकं आज, आनंदाच्या भरात, गाव विसरलं.

सानगडीच्या पुढच्या या गावात रीतच आहे. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की ढिवरांची सगळी घरं मिळून जाळी टाकतात. मासळीचे सारखे वाटे पानांवर लावतात. वाटे लावायचं काम इतवारीचं. मग एकाने वाट्यांकडे पाठ करून उभं राहायचं. इतवारी वाट्याला काठी लावून विचारणार, "हा कोणाचा?" पाठमोऱ्याने मनात येईल ते नाव घ्यायचं. वाटा घराचा, नाव मात्र पाण्यात उतरणाऱ्या पुरुषाचं. तो आजारी असो, परगावी असो, त्याचाही वाटा निघतो. नाव एकदा तोंडून निघालं की मागे घ्यायचं नाही. आणि शेवटी जो वाटा उरेल तो लावणाऱ्याचा, त्यामुळे त्यालाही हात मारायची सोय नाही. तुला मोठा मासा अन् मला काटे, म्हणून भांडायचं तर कोणाशी? पाठीशी कोण भांडतं!

लहानपणापासून पाठमोरं उभं राहायचं काम रक्षाचं. शाळेतल्या वासुदेवराव सरांनी तिच्याकडून परदेशातल्या एका शाळेच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरून घेतला, तेव्हा भंडाऱ्याला मुलाखत झाली. न्याय म्हणजे काय, असं तिथे विचारलं. रक्षाने ही पार सांगितली. पुढच्या पावसाळ्यात इतवारी ढिवराची पोरगी पोर्तुगालातल्या शाळेत जाऊन बसली.

त्या मुलाखतीला तिला फटफटीवर बसवून नेणारा तुलाराम. इतवारीचा जाळ्यावरचा जोडीदार. त्याला मूलबाळ नव्हतं. याच तलावात मानेला धरून त्याने रक्षाला पोहायला शिकवलं होतं. जाताना तिच्या पिशवीत त्याने सुके झिंगे कोंबले. विमानतळावर ते काढून घेतले, तर हा फोनवर तिच्यावरच रागावला, "तिथंच उभी राहून खाऊन टाकाचे होते ना!"

तिच्या पहिल्याच हिवाळ्यात तुलाराम छाती धरून बसला आणि साकोलीच्या दवाखान्यात नेता नेता गेला. इतवारीने गावाला हात जोडले. पोरीला सांगू नका, अर्ध्यातून परत येईल. तुलारामच्या बायकोने, ललिताबाईनेही मान डोलावली. एकटी रेवताबाई, रक्षाची माय, नवऱ्यावर करवादली, "मेल्या माणसाले जित्तं ठेवून राहिले तुमी. पाप लागन." पण तीही फोनवर गप्प राहिली. शिष्यवृत्तीत येण्याजाण्याचं तिकीट एकदाच होतं, म्हणून हे निभलं.

आता शाळा संपवून रक्षा परवा आली होती. पुढच्या कॉलेजानेही तिला शिष्यवृत्ती देऊ केली होती, फक्त हो-नाही कळवायचं बाकी होतं. "पाहू बाबा, इथंच राहावं वाटते कधी कधी," ती म्हणाली, तसा इतवारीने सांगायचा विचार पुन्हा गिळला. तुलाराम आजारी आहे, बायकोसोबत नागपूरला पुतण्याकडे आहे, असं ठोकून दिलं. ललिताबाई दोन दिवस घराबाहेर निघाली नव्हती. रिकामं कपाळ लपवणार कसं?

रक्षा पाठमोरी उभी राहिली. जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय चिखलाचे. इतवारीने काठी उचलली. दोन वर्षं परमुलखात राहिलेली पोरगी एखादं नाव विसरेल, एवढीच त्याला आशा होती. पोरीने काही विसरावं, असं या बापाने आजवर कधी मागितलं नव्हतं.

"हा कोणाचा?"

"गोलूभाऊचा."

"हा कोणाचा?"

"अमरचा."

ती एकही नाव चुकत नव्हती. बाया एकमेकींना कोपर मारत होत्या, पोट्टी काही भुलली नाही बाई! वाटे संपत आले. इतवारीने काठी पुढच्या पानावर नेली.

"हा कोणाचा?"

"तुलारामकाकाचा!" रक्षा हसली. "बिमार असला म्हणून काय झालं? रस्सा तं लागनच त्याले."

कोणी हसलं नाही. गोपीचंदने जीभ चावली. वाटे संपण्याआधी कधीच मागे न वळणारी रक्षा वळली आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागली.

रेवताबाई पुढे झाली. "नाई राहिला माय तो. तू गेली, त्याच हिवाळ्यात गेला."

रक्षाला आधी कळलंच नाही. मग तिने बापाकडे पाहिलं. "मी दर फोनवर त्याचं विचारत होती. तू म्हणे, जाळ्यावर गेला. काहून बाबा?"

"तू आली असती."

"आलीच असती!"

"मंग पुन्हा गेली नसती."

"ते मी ठरवलं असतं ना? माह्या काकासाठी रडाचं का नाही, हे तू कोण ठरवणारा?"

 पोरीचं भलं केलं, असं इतवारी दीड वर्ष स्वतःला सांगत आला होता. आज भर पारीवर त्याला स्वतःची लाज वाटली.

"चुकून निघालं भाऊ, सोडा ते नाव," गोपीचंद म्हणाला. तुलाराम गेल्यावर त्या घराचा वाटा सोसायटीने बंद केला होता. पाण्यात उतरणारा पुरुषच राहिला नव्हता.

"निघालं नाव," इतवारी म्हणाला. "वाटा त्याचा. फिर रक्षा, राहिलेली नावं घे."

रक्षा फिरली. रडत रडत तिने उरलेली नावं घेतली. शेवटच्या वाट्याला गोपीचंदचं नाव निघालं आणि इतवारीसाठी काही उरलं नाही. त्याने मासळीच्या पाण्याने भरलेले हात धोतराला पुसले.

कोणीतरी सांगितलं असावं, ललिताबाई पारीवर आली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच. रक्षा तिच्या गळ्यात पडली. दोघी पोटभर रडल्या आणि पारीने त्यांना रडू दिलं. मग ललिताबाईने पदराने तोंड पुसलं, जवळचं एक पान ओढलं आणि तुलारामच्या वाट्याचे दोन वाटे केले.

"वाटे लावणारा खाली हातानं घरी जाईन का? फिर पाठमोरी." तिने एका वाट्यावर बोट ठेवलं. "हा कोणाचा?"

"बाबाचा."

"अन् हा?"

रक्षाने नाक पुसलं. गावातल्या घरांपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यांदा ती म्हणाली, "ललिताबाईचा!"

त्या पारीवर बाईचं नाव आजवर कोणी घेतलं नव्हतं. गोपीचंद इतवारीकडे पाहू लागला. इतवारीने काठीचं टोक त्या पानाजवळ टेकवलं.

"निघालं नाव," तो म्हणाला.

घरी जाताना रक्षा बापाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजाला हो कळवलं. "पण आता लपवलं, तं मी फोनच करणार नाही," एवढं सांगितलं. पावसाळा लागला तशी ती गेली.

तिकडून पहिला फोन आला तेव्हा इतवारी तो घेऊन पारीवर गेला. तिने काही विचारायच्या आत तो घरामागून घर सांगू लागला. गोलूची म्हैस मेली. अमरला पोरगी झाली. गोपीचंदच्या मायने खाट धरली, ती काही दिवाळी पाहत नाही. मग तो पाण्याच्या कडेपर्यंत उतरला. 

"अन् ललिताबाई बरी हाये," तो म्हणाला. "काल जाळं घेऊन पाण्यात उतरली."