हाराखालचा नंबर

दिनेशची नवी मोटरसायकल घरी येऊन आठवडा झाला, तरी तिची पूजा काही संपेना. रोज सकाळी त्याचा बाप मुखरू गाडीला पुढे-मागे, अगदी नंबरच्या जागी, झेंडूचा ताजा हार चढवायचा. मुखरूच्या घरी रोजच दसरा, असं म्हणून गाव हसायचं. खरी गोष्ट अशी, की गाडीला नंबरच नव्हता. नोंदणी झाल्यावर न्या, असं दुकानदाराने सांगून पाहिलं होतं. पण दिनेशला मुहूर्त साधायचा होता, आणि रोख गिऱ्हाइकापुढे दुकानदारही फार वेळ टिकला नाही.

दिनेशच्या बहिणीला, रंजीताला, तो हार पाहिला की राग यायचा. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. बिननोंदणीची गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या खेपेला पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा सापडला तर दहा हजारांपर्यंत, शिवाय कैदही होऊ शकते, हे तिला तोंडपाठ होतं. तिने ते भावाला जेवता जेवता ऐकवलं. तू पोलीस झालीस की पकड मला, असं म्हणून त्याने आणखी भात वाढून घेतला.

गडचिरोलीला तिची मैदानी चाचणी होती, नेमकी त्याच सकाळी एसटी आली नाही. रंजीता फाट्यावर उभी राहून वाट पाहत होती. दोन वर्षं धानाच्या बांधांवरून धावून तिने पाय तयार केले होते, आणि तेच पाय आता फाट्यावर अडकले होते. इतक्यात दिनेश गाडी घेऊन आला आणि मागे बस म्हणाला. तिने रिकाम्या रस्त्याकडे एकदा पाहिलं, सगळे नियम गिळले आणि मागे बसली.

सागाचं जंगल संपतं तिथे पोलिसांनी नाका लावला होता. हवालदार बाईंनी हात केला. दिनेशची टकळी लगेच सुरू झाली. गाडी नवी आहे, हार देवाचा आहे, नंबर आहे त्याच्याखाली, पण हार काढला तर आई घरात घेणार नाही. बाईंना हसू आलं. सोडतील असं वाटू लागलं. रंजीताने फक्त गप्प राहायचं होतं. तोंड उघडलं तर आजचं मैदान गेलं, आणि पुढची भरती कधी निघेल ते देवालाच ठाऊक. पण समोर तीच वर्दी होती, जी तिला स्वतःच्या अंगावर हवी होती. तिला भारी लाज वाटली. ती खाली उतरली आणि तिने स्वतःच हार उचलून दाखवला.

"नंबर नाई हाये, मॅडम," ती म्हणाली. "आज माही भरती हाये, म्हणून बसली मी. पण खोटं बोलून तिथी कशी जाऊ?"

दिनेशने कपाळावर हात मारून घेतला. बाईंचं हसू मावळलं. त्यांनी किल्ली काढून घेतली, दंड होईल म्हणाल्या, आणि नोंदणीचे कागद आणल्याशिवाय गाडी ठाण्यातून सुटणार नाही हेही सांगितलं. रंजीताचे डोळे भरून आले. तिने खाली बसून बुटांच्या नाड्या आवळल्या. गडचिरोली लांब होती, पण पळत जायचं तिने ठरवून टाकलं होतं.

"थांब वो पोरी," बाई म्हणाल्या. "मी गाडी अडवली हाये, तुले नाई."

मागून लाल एसटी डुलत डुलत येत होती, उशिराशी आपला काही संबंधच नाही अशा थाटात. बाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, त्यांनी ती थांबवली आणि पोरीला मैदानाजवळ उतरवायला ड्रायव्हरला बजावलं.

रंजीता मैदानात धावली, नंतर लेखी परीक्षाही तिने दिली, आणि निवड यादीत तिचं नाव आलं. त्या दिवशी मुखरू गडचिरोलीहून मोठा हार घेऊन आला. अंगणात मोटरसायकल उभी होती, आता रीतसर नंबराची, आणि शेजारी रंजीता. म्हाताऱ्याचा हात सवयीने गाडीकडेच वळला. दिनेशने तो मधेच धरला.

"तिथी नको, बाबा. नंबर दिसू दे," तो म्हणाला. "हिले घाल."