डाव्या कानावरचा हात

जावयाची, पंडितची, दस्ती, म्हंजी हातरुमाल, मीच मागून आणली आन् मीच नातीच्या, बानूच्या, गळ्यात बांधली. आमी मेंढरावाले. पोरकं पिल्लू दुसऱ्या मेंढीला लावायचं तर तिच्या मेल्या पिलाचं कातडं त्याला बांधावं लागतंय. वास ओळखीचा लागला की मेंढी पाजती. बानूनं बापाला कधी बघितलंच न्हवतं. म्हनलं, निदान वास तरी ओळखू दे.

चार सालाखाली माझी लेक विजयमाला, तीन म्हयन्याची पोटुशी, नवऱ्याला सोडून येलदरीला माझ्याकडं आली. का, ते बोलली न्हाई. आधी लय रडायची, मग मेंढरामागं जायला लागली, हसायलाबी लागली. फकस्त हाक दोनदा मारावी लागायची. "कुठं ध्यान आसतंय गं भवाने?" आसं मी वरडायची. आता पंडित सुधारला आसं लोक म्हनत होते. दारू सुटली, दारूचा वास दबावा म्हनून लवंग चघळायचा ती सवय तेवढी ऱ्हायली; दस्तीलाबी तोच वास. विजू म्हनली, "जाते आई. आता मला काईच वाटत न्हाई."

दस्ती बांधली तसं खेळतं लेकरू गप झालं. कणगीमागं जाऊन बसलं, डावा तळहात डाव्या कानावर. रडंना, बोलंना, डोळे दाराकडं. भर दुपारी माझ्या आंगावर काटा आला. कानात तेल घातलं, मीठ-मिरच्या उतरवल्या. काई फरक न्हाई. दस्ती सोडली तवाच उठली.

मेंढरांना लस टोचायला परभणीहून स्वप्ना डॉक्टरीन आली, तिला सांगितलं. ती हसली न्हाई. म्हनली, "मावशी, उंदराला एखाद्या वासाची धास्ती बसवली, तर त्याची पिल्लंसुद्धा त्या वासाला दचकतात, असं प्रयोगात दिसलंय. वारसा तोच राहतो, पण त्यावर खुणा बसतात. माणसाचं मात्र पक्कं सांगता येत नाही."

"माझी नात उंदीर हाय का गं?" मी तिच्यावरच तडकले.

ऐतवारी पंडित दोघींना न्यायला आला. बाजेवर बसला, गोड बोलला, माझ्या पायाबी पडला. पिशव्या भरून दारात होत्या. बानू घरामागं करडासंगं खेळायली होती. त्यानं खिशातली लवंग काढून दाताखाली फोडली.

मागचा खेळ थांबला. बानू भिंतीला धरून आली आन् उंबऱ्यात बसली, हात कानावर. तेवढ्यात विजू चहा घेऊन आली. कप उजव्या हातात, आन् डावा तळहात वर, कानावर. तोंडावर हसूच होतं तिच्या! आपला हात कुठं गेलाय, तिला ठाऊकच न्हवतं.

पंडितनं दोघींकडं बघितलं. त्याचं चघळणं थांबलं, तोंड पांढरं पडलं. त्याचा मार कुठं बसायचा, ते मला त्या तोंडावरनंच कळलं. डोस्कंच फिरलं माझं.

"ऊठ मुडद्या!" दस्ती त्याच्या तोंडावर फेकली. "परत दारात दिसलास तर कुत्री सोडीन!"

तो गेला. विजू कप ठिवून खाली बसली. "काय झालं आई? का घालवलंस त्याला?"

मी तिच्या डाव्या आंगाला गेले आन् हळूच म्हनले, "विजू." ती वळली न्हाई. परत म्हनले. न्हाईच वळली. माय गं, त्या कानानं तिला ऐकूच येत न्हवतं, आन् मी चार सालं तिच्यावरच वरडत ऱ्हायले.

बानू उंबऱ्यातनं उठली, आईच्या मांडीवर चढली. आपल्या कानावरचा हात काढला आन् आईच्या डाव्या कानावर ठिवला. कोन्ता कान, ते आमी तिला सांगितलं न्हवतं.