उरलेल्या गोळ्यांचा डबा

बसगाड्यांच्या कार्यशाळेत उस्तादांच्या कानाला मान होता. गाडी उचलून चाक फिरवायचं, लांब पेचकसाचं टोक आसावर टेकवायचं, मूठ कानाशी धरून डोळे मिटायचे. कुठलं बेअरिंग कुरकुरतंय, हे ते अचूक सांगत. त्यांनी मान डोलावल्याशिवाय गाडी रस्त्यावर जात नसे.

पण तीन वर्षं त्यांचं नाक चोंदलेलं होतं. कपाळ जड, वास गेलेला, आणि आता दोन्ही कानांतून डिंकासारखा चिकट स्राव. इलाज जवळच होता. कार्यशाळेच्या खिडकीत एक पत्र्याचा डबा असे. बरं वाटलं की प्रत्येकानं उरलेल्या गोळ्या त्यात टाकायच्या, लागतील त्यानं घ्यायच्या. ही पद्धत उस्तादांनीच पाडलेली. औषध वाया जाऊ नये, एवढाच हेतू. कुणाच्या दाढेच्या, कुणाच्या जखमेच्या अँटिबायोटिक गोळ्या गिळत ते दिवस ढकलत होते.

एका सकाळी त्यांनीच सोडलेल्या गाडीचं चाक चढावर जाम झालं. धूर निघाला, माणसं घाबरून उतरली. नशीब, कुणाला लागलं नाही. चालक परतला तो तणतणतच.

"उस्ताद, चाक मैलभर बोंबलत होतं. शेवटच्या सीटवरच्या आजीला ऐकू आलं, तुम्हालाच तेवढं नाही?"

सगळे हसले. उस्तादही हसले. मग भांडारात जाऊन, दार लावून, त्यांनी डाव्या कानाशी चुटकी वाजवली. काहीच नाही. उजव्याशी वाजवली, ती भिंतीपलीकडून आल्यासारखी. कान गेला तर उरलं काय? बाहेर येऊन त्यांनी डब्यातल्या चार गोळ्या एकदम तोंडात टाकल्या, आणि दुपारी आणखी सहा गाड्यांना मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं त्यांना धरूनच कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. वयस्कर डॉक्टरबाईंनी तपासलं, स्रावाचा थेंब काचेवर घेतला आणि त्यांना सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावलं. ठिपक्यांची नुसती गर्दी.

"हे जंतू का?"

"नाही. या तुमच्याच पेशी, रक्तातले पहारेकरी. जंतू आले, धूळ आली की धावून येतात. पण काहींच्या अंगात ते परत जायचं नावच घेत नाहीत. आग विझली तरी बंब पाणी मारतच राहिला, तर घर टिकेल का? नाकातली सूज, कानातला हा डिंक, ही सगळी त्यांची करणी. जंतू मारायच्या गोळ्यांनी ते कसे हटणार?"

"मग हटवा ना!" उस्ताद म्हणाले.

पुष्कळसं आवरता येईल, असं बाई म्हणाल्या; त्याचं औषध वेगळं असतं आणि ते देखरेखीखालीच घ्यायचं. उजवा कान वाचेल अशी आशा होती. डाव्याच्या आतल्या भागालाच इजा झाली होती, तो परत येणं कठीण. वर्षभर आधी आला असता तर, एवढं बोलून त्या थांबल्या. मग त्यांनी काम विचारलं. उस्तादांनी सांगितलं.

"काल किती गाड्या सोडल्या?"

"सहा. आज दुपारी रस्त्यावर जातील."

"कान तुमचा आहे हो. पण त्या गाड्यांत बसणारी माणसं?"

उस्ताद तडक कार्यशाळेत गेले आणि पर्यवेक्षकासमोर सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मला ऐकू येत नाही. काल कळलं, तरी लपवलं. त्या सहा गाड्या थांबवा."

कुणी हसलं नाही. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या फिटरताईनं पेचकस कानाशी धरला. पहिली गाडी ठीक, दुसरी ठीक. तिसऱ्या गाडीपाशी तिनं हात वर केला; बेअरिंग कुरकुरत होतं. उस्तादांनी त्या आसाला स्वतः कान लावला. त्यांना काहीच ऐकू आलं नाही.

चाळीस माणसं त्या गाडीत बसणार होती.

वाचकहो, प्रत्येक सूज जंतूंची नसते आणि एकाचं औषध दुसऱ्याचा इलाज नसतो. नाक-कान महिनोन्‌महिने वाहत असतील तर उरल्यासुरल्या गोळ्या चाचपू नका, डॉक्टरांकडे जा. आणि आपल्या कामावर दुसऱ्यांचा जीव अवलंबून असेल, तर दुखणं लपवण्याचा हक्क आपल्याला नाही.