रीनाने माझे सील तोडले तेव्हा

जुना लॅपटॉप आहे मी, मित्रांनो, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. माझ्या झाकणाचा डावा कोपरा उडालेला आहे. पडदा दुसऱ्याच एका मशीनचा आहे आणि त्यावरचा पांढरा रंग थोडा हिरवट दिसतो. आमगावात रेल्वे फाटकाजवळच्या एका खोलीत मी टेबलावर असतो. येणारे-जाणारे रीनाला विचारतात, "हा डब्बा अजून कायले ठेवलास?" रीना हसते आणि काम करत राहते. ती उत्तर देत नाही, म्हणून मी देतो आहे. दया दाखवायला कोणी बसू नये. ऐकायचे असेल तर बसा.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या मुलींनी मला जोडले, आणि शेवटी माझ्या पोटावरच्या एका स्क्रूवर कागदाचे छोटेसे गोल सील चिकटवले. हे सील फाटले तर कंपनीची जबाबदारी संपली, असा त्याचा अर्थ होता. मला तेव्हा तो दागिनाच वाटला. अंगावर नवे कपडे असले की सगळ्यांनाच तसे वाटते.

२०१२ च्या दिवाळीआधी रीना गजभिये मला घ्यायला गोंदियाच्या दुकानात आली. ती सत्तावीस वर्षांची होती. आई अन्नपूर्णा अंगणवाडीत मदतनीस आणि घरात या दोघीच. रीना एका छोट्या संस्थेत काम करायची. देवरीकडच्या जंगलातल्या गावांना, पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या जंगलावर हक्क मागण्यासाठी दावे तयार करून द्यायचे, हे तिचे काम. त्यासाठी नकाशे लागतात आणि जुन्या माणसांचे जबाब लागतात. एवढे सगळे वहीत मावत नव्हते, म्हणून ती माझ्याकडे आली.

दुकानदार लोकेंद्रभाऊ बोलण्यात पटाईत. "मॅडम, वॉरंटी दो साल और बढ़ा लो. मग टेन्शनच नाही."

"पडला त?" रीनाने विचारले.

"सब आ गया उसमें."

"सब म्हणजे काय काय? कागद दाखवा."

असे कोणी विचारत नसे. लोकेंद्रभाऊंनी खालच्या कप्प्यातून कागद काढला. रीना काउंटरला टेकून तो वाचू लागली. मागे चार गिऱ्हाइके उभी. एकजण म्हणाला, "ओ बाई, घरी जाऊन वाचा ना." रीनाने मागे वळूनही पाहिले नाही. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिले होते: पडणे, आपटणे, पाणी किंवा चहा सांडणे वगळून.

"हे पाहा भाऊ. तुमचं सब यात नाही. कारखान्याची खोट निघाली तरच हे दुरुस्त करून देणार. तशी खोट असली त पहिल्या वर्षीच दिसते, अना त्या वर्षाची वॉरंटी सोबत फुकटच भेटून राहिली. मंग पुढच्या दोन वर्षांचे पैसे कायले देऊ?"

"तो फिर कुछ मत लो," लोकेंद्रभाऊ जरा चिडले.

"घेणार हाय. पडण्याचा कागद कोणता?"

तो वेगळा होता. अपघाती नुकसानीचा, तीन वर्षांचा. लोकेंद्रभाऊ म्हणाले, तो कोणी घेत नाही, लॅपटॉप काय, घरात ठेवायची चीज आहे. रीना म्हणाली, "माहा घरात नाही राहणार. स्कूटीवर राहीन." तोही कागद तिने शेवटपर्यंत वाचला. त्यात एक ओळ होती, की मशीनच्या आत साठवलेल्या माहितीची जबाबदारी कंपनीवर नाही. रीनाने ती वाचली आणि पुढे गेली. मित्रांनो, मला तिचा कितीही अभिमान असला तरी हे लपवणार नाही. ती ओळ तिने हलकी घेतली.

घरी आल्यावर अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "स्वतःचा विमा काढला नाही पोरीनं, अना डब्ब्याचा काढला!"

मग माझी खरी वर्षे सुरू झाली. मी साग आणि मोहाच्या झाडांखाली उघडलो गेलो. मुरमाच्या रस्त्यांवर माझी हाडे खिळखिळी झाली. वीज गेली की रीना मला दहा किलोमीटरवरच्या पिठाच्या गिरणीत चार्ज करून आणायची. देवरीच्या पुढे चाळीस घरांचा एक टोला होता. तिथे बायका माझ्याभोवती गोळा व्हायच्या आणि स्वतःच्या गावाचा नकाशा पडद्यावर पाहून एकमेकींना कोपराने ढोसायच्या. त्या दिवसांत माझे कौतुक झाले. मी ते अंगाला लावून घेतले, खोटे कशाला सांगू?

त्या टोल्यात बिसरामबाबा होते, ऐंशीच्या आसपासचे. जंगलाच्या आत एक बोडी आहे, म्हणजे लहानसे तळे. ती टोल्याने खोदली की नाही यावरून वाद होता. कागदावर पुरावा कुठेच नव्हता. बिसरामबाबांनी मात्र ती खोदताना लहानपणी स्वतः माती वाहिली होती. २०१४ च्या जानेवारीत ते माझ्यासमोर उकिडवे बसले.

"हा आयकून राहिला का?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारले.

"आयकून राहिला, बाबा. सांगा."

त्यांनी पाऊण तास सांगितले. खोदणाऱ्या अकरा जणांची नावे सांगितली. कोणता दगड कुठे पुरला, कोणाचा बैल गाळात अडकला, सगळे सांगितले. रीनाने ते त्यांच्याच आवाजात माझ्यात जसेच्या तसे ठेवले. टाइप करून, छापून त्यांचा अंगठा घ्यायचा तेवढा राहिला होता. पुढच्या पंधरवड्यात बाबा गेले. ताप आला आणि दोन दिवसांत आटोपले.

फेब्रुवारीच्या तीन तारखेला रीना टोल्यातून परत निघाली. चिचगड रस्त्यावर एका वळणावर बकऱ्या आडव्या आल्या. तिने ब्रेक दाबला, स्कूटी मुरमावर घसरली आणि माझ्या पिशवीचा पट्टा तुटला. मी पुलियाच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, दगडावर आपटलो. कोपरा उडाला, पडदा फुटला, आणि मी बंद पडलो.

रीनाच्या कोपरातून रक्त येत होते. तिने आधी माझी पिशवी उघडली. बटण दाबले, पुन्हा दाबले. मग काय केले? रडली? रडली असेलही. पण त्याआधी ती रस्त्याकडेला रचलेल्या सागवानाच्या थप्पीवर चढली, कारण तिथेच मोबाइलला रेंज होती, आणि कंपनीला फोन लावला. दोन दिवसांच्या आत कळवायचे असे कागदात होते. तिने अर्ध्या तासात कळवले. पुलियाचे, दगडाचे, माझ्या फुटलेल्या तोंडाचे फोटोही तिने मोबाइलवर काढले. एका बकरीचासुद्धा काढला.

कंपनीचा माणूस आठ दिवसांनी गोंदियाच्या दुकानात आला. माझ्याकडे पाहत म्हणाला, "गाडीवरून पडला. गाडीचा अपघात यात येत नाही."

"कोठं लिहिलं हाय?" रीनाने स्वतःची प्रत पुढे सरकवली. "इथं लिहिलं हाय, 'कोणत्याही कारणाने अचानक पडणे.' गाडी वगळून, असं मले दाखवा. मी आताच घरी जातो."

तो माणूस पाने उलटत बसला. मग त्याने फॉर्म भरला. आणखी दहा दिवसांनी पत्र आले. दावा मंजूर, मला दुरुस्त करणे शक्य नाही, बदल्यात नवा लॅपटॉप.

"मॅडम, आपकी तो लॉटरी लग गई!" लोकेंद्रभाऊ म्हणाले. "जुना पीस इथं जमा करा, नवा घेऊन जा."

"याच्यातली हार्ड डिस्क काढून घेतो."

"नहीं ना मॅडम. सील तुटलं की क्लेम कॅन्सल. पूर्ण पीस जमा करावा लागते."

"मंग आतलं सगळं कॉपी करून द्या."

"ते कंपनी करत नाही."

टोल्याच्या दाव्यावर देवरीला होणाऱ्या सुनावणीला सहा दिवस उरले होते. डिसेंबरपर्यंतच्या सगळ्या कामाची प्रत रीनाच्या पेनड्राइव्हवर होती. जानेवारीचे जबाब फक्त माझ्या पोटात होते. तिने तीन दिवस कंपनीला फोन लावले. प्रत्येक वेळी नवा आवाज, प्रत्येक वेळी तेच उत्तर.

चौथ्या दिवशी ती मला आमगावच्या स्टेशनजवळ कवडूच्या दुकानात घेऊन आली. कवडू टीव्ही, मोबाइल, इस्त्री, जे येईल ते दुरुस्त करायचा. अन्नपूर्णाबाईही मागोमाग आल्या.

"नवा भेटून राहिला त घे ना, पोरी," त्या म्हणाल्या. "तू काय कमी मेहनत केली त्याच्यासाठी?"

"कंपनी मले दुसरा लॅपटॉप देईन, माय. दुसरा बिसरामबाबा कोठून देईन?"

अन्नपूर्णाबाई स्टूल ओढून लेकीजवळ बसल्या.

कवडूने मला पालथे केले. स्क्रूड्रायव्हर सीलवर टेकवला आणि थांबला. "ताई, आणखी एकदा विचार कर. हे फाटलं का तुहा क्लेम गेला."

"तोड, कवडू."

सील फाटले. कंपनीने मला घातलेला तो एकच दागिना. मला काही वाटले नाही, मित्रांनो. उलट पहिल्यांदाच मला कळले, की तो दागिना माझा नव्हताच. तो त्यांचा होता.

कवडूने डिस्क काढून आपल्या कॉम्प्युटरला जोडली. टक टक आवाज आला, पडद्यावर काहीच नाही. त्याने तार बदलली. पुन्हा टक टक. तिसऱ्यांदा त्याने डिस्क हातात थोडी आडवी धरली. फोल्डर उघडले. रीनाने एक फाइल दाबली, आणि त्या खोक्यासारख्या दुकानात बिसरामबाबा खाकरले.

देवरीला सुनावणीत ते सगळ्यांनी ऐकले. खोलीत एकजण म्हणाला, हा आवाज त्यांचाच कशावरून? बिसरामबाबांची बायको मंदाबाई मागे भिंतीला टेकून उभी होती. ती सरळ पुढे आली. "साठ वर्षं माह्यावर वरडला तो. मले आवाज नाही समजन का?"

अधिकारी म्हणाले, पूर्ण लावा. पूर्ण लावले. शेवटी, जबाब संपल्यावर, बाबांचेच पुढचे बोलणे त्यात राहून गेले होते: "झालं का वो पोरी? घसा सुकला. मंदे, चाय मांड." खोलीत लोक हसले. मंदाबाईने पदर तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी दावे तपासणाऱ्या समितीची माणसे बोडीवर गेली आणि बाबांनी सांगितलेल्या जागी दगड सापडला. वर्षभराने टोल्याचा दावा मंजूर झाला. त्यात ती बोडी आहे.

इकडे, रीनाने सील तोडल्याचे कळवल्यावर, कंपनीचे दोन ओळींचे पत्र आले. सील तुटल्यामुळे दावा रद्द.

शेजाऱ्यांनी सांगितले, सोड आता. लोकेंद्रभाऊंनी सांगितले, मैंने बोला था. रीनाने हाताने तक्रार लिहिली, कारण मी सुटा होऊन कवडूच्या डब्यात पडलो होतो, आणि गोंदियाच्या ग्राहक मंचात गेली. वकील केला नाही. तारखांवर तारखा पडल्या. अखेर कंपनीचे वकील म्हणाले, "अर्जदाराने उपकरण स्वतः उघडले आहे."

"उघडलं," रीना उभी राहून म्हणाली. "पण ते पडलं, हे तुमच्याच माणसानं पाहिलं. मंजुरीचं पत्र तुमीच दिलं. सील त्याच्यानंतर तोडलं. नंतर तोडल्यानं आधीचं पडणं पुसून जाते का, साहेब?"

मंचाने नवा लॅपटॉप दिला नाही. जुना जमा केला नाही तर नवा कसा, असे म्हटले, आणि ते मला पटले. पण दुरुस्तीचा खर्च कंपनीने द्यावा असा आदेश दिला. त्या पैशांत कवडूने एका मेलेल्या मशीनचा पडदा मला बसवला आणि मी पुन्हा सुरू झालो. "दुरुस्त करणे शक्य नाही" असे माझ्याबद्दल छापील कागदावर लिहिले होते. तो कागद रीनाने स्कॅनर जोडून मलाच स्कॅन करायला लावला. छान, स्वच्छ निघाला.

काही महिन्यांनी कंपनीचा फोन आला. "मॅम, आपके लॅपटॉप का प्रोटेक्शन खत्म हो गया है. रिन्यू करें?"

रीना खळखळून हसली. "नाही. तो आता जुना झाला, त्याच्या किमतीपेक्षा तुमचा कागद महाग पडीन. दुरुस्तीले कवडू हाय. अना आतलं सगळं तीन जागी हाय. नवा घेईन तेव्हा मीच फोन करीन, तो भी पडण्याच्या कागदासाठी. दुसरा विकू नोका."

मित्रांनो, माझे म्हणणे याहून वेगळे नाही. लॅपटॉप घरातल्या टेबलावरच राहणार असेल तर भीती विकणाऱ्याला हात जोडा. रस्त्यावर फिरणार असेल तर अपघाताचा कागद घ्या, पण तो घेऊन निश्चिंत झोपू नका. वेळ आली की तुम्हालाच थप्पीवर चढून फोन लावावा लागतो आणि तुम्हालाच उभे राहून बोलावे लागते. आणि कोणताही कागद घेतला तरी आमच्या पोटात ठेवलेले तुमचे माणूस, तुमचे काम, तुमचा आवाज त्यात येत नाही.

मी आपटलो त्या दिवशी रीनाजवळ जानेवारीची दुसरी प्रत नव्हती. तुमच्याजवळ आहे? नसेल तर माझे कौतुक पुरे. उठा आणि आधी ती काढून या.