लांब नाकाची निळी गाडी

कानसेनांनी चंदेरी गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट गरम होतं.

"सकाळी कुठे फिरवून आणलीत का हो?" त्यांनी दलालाला विचारलं.

"छे! चार दिवसांत जागची हललेली नाही. उन्हानं तापली असेल, काका."

गाडी पत्र्याच्या शेडखाली सावलीत उभी होती. दलालानं वर पत्र्याकडे पाहिलं आणि त्याला एकदम कुणाला तरी फोन करायची आठवण झाली. तो बोलत बोलत लांब गेला.

विकणाऱ्यानं इंजिन आधीच तापवून ठेवलं, म्हणजे थंड इंजिनाचा आवाज त्याला कुणाला ऐकू द्यायचा नाही, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. एरवी कानसेनांनी तिथल्या तिथे पिशवी उचलून घर गाठलं असतं. आज मात्र त्यांना बरं वाटलं. सडकी गाडी हवीच होती त्यांना. शेजारी खिशात हात घालून उभ्या असलेल्या साहेबांच्या गळ्यात मारायला.

"कशी वाटते?" साहेबांनी विचारलं.

"बघू या. घाई नको," कानसेन म्हणाले. तेवीस वर्षं थांबलो, आणखी दोन तासांनी काय बिघडतंय, असं ते मनात म्हणाले.

तेवीस वर्षांपूर्वी साहेब एका मोठ्या वर्कशॉपचे प्रमुख होते आणि कानसेन तिथे ब्रेकचे मिस्त्री. एका बड्या गिऱ्हाइकाला गाडीची घाई होती. कानसेन म्हणाले होते, "साहेब, ब्रेकच्या पाइपांत अजून हवा आहे, अर्धा तास द्या." साहेब म्हणाले, "तुझा अर्धा तास कधी संपतो का रे?" आणि स्वतःच्या हातानं किल्ली देऊन मोकळे झाले. दुपारी गाडी भिंतीवर गेली. गिऱ्हाइकाच्या पायाचे तीन तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी चाळीस माणसं अंगणात उभी केली, कानसेनांच्या हातातला पाना काढून घेतला आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "या माणसानं पुन्हा कुठल्याही गाडीला हात लावता कामा नये." अर्ध्या तासाचा विषय कुणीच काढला नाही. साहेबांनी तर नाहीच नाही.

ते बोलणं गावातल्या प्रत्येक गॅरेजात कानसेनांच्या आधी जाऊन पोचायचं. शेवटी ते पेट्रोल पंपावर लागले, टायरमध्ये हवा भरायला. हवा राहिली म्हणून हाकललेला माणूस दोन वर्षं हवाच भरत होता! तिथेच लोक विचारू लागले, "मिस्त्री, जरा ऐका ना, कसला आवाज येतोय?" कानसेन ऐकायचे, तळहात ठेवायचे आणि सांगायचे. पान्याला हात लावायचे नाहीत. हळूहळू जुनी गाडी घेणारे त्यांना सोबत नेऊ लागले, आणि 'कानसेन' हे नाव पडलं ते कायमचं. तपासणी झाली की ते एक कागद लिहायचे, खाली सही करायचे. त्या कागदाशिवाय गावात जुनी गाडी विकली जायची नाही. इतक्या वर्षांत एका कागदात एक ओळ खोटी नव्हती.

आज असणार होती.

बायकोनं सकाळीच ओळखलं होतं. "खोटं लिहिणार आहात ना आज?"

"तुला कुणी सांगितलं?"

"दाढी करताना शीळ घालत होतात." चहाचा कप पुढे सरकवत ती म्हणाली, "लिहा. माझी ना नाही. त्या मेल्यानं आपलं वाटोळं केलंय. फक्त उद्यापासून कागद देणं बंद करा. एकदा खोटं लिहिलंत की मागचे सगळे कागद वाया गेले."

कानसेनांनी तो कप तसाच ठेवला आणि निघाले. बायको नेमकं बोलते, हा तिचा जुना दोष होता.

सर्वांत जास्त काय झोंबत होतं, तर साहेबांनी त्यांना ओळखलंच नव्हतं. हात मिळवला, डोळ्यांत डोळे घालून पाहिलं आणि म्हणाले, "तुमचं फार नाव ऐकलंय. भेटलो नव्हतो कधी." असं म्हणताना चेहऱ्यावर रेषही हलली नाही!

साहेबांची मुलगी सोबत आली होती. चष्मेवाली, कुठल्याशा शाळेत गणित शिकवणारी. तिनं कानसेनांना बाजूला घेतलं.

"काका, बाबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या असल्या गाड्या दुरुस्त करून घेतल्या. स्वतः असली कधी घेतली नाही. आई गेल्यापासून एकच धोसरा, एक लांब नाकाची गाडी घ्यायची आणि चालवायची. कुठे जायचं म्हणून नाही. नुसती चालवायची. तुम्ही म्हणाल ती घेणार म्हणतात."

"मी म्हणेन ती?"

"हो. त्यांचा तुमच्या शब्दावर फार विश्वास आहे."

कानसेनांना हसू आवरेना. त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं.

दलालाकडे तसल्या गाड्या दोनच होत्या. बारा सिलिंडरच्या, दोन दारांच्या, पुढे हे एवढं नाक. ऐश्वर्यात लोळलेल्या माणसानं दूरच्या गावाला स्वतः चालवत जावं म्हणून बनवलेल्या. मागे सीट होती, पण ती गुडघे नसलेल्या माणसासाठी असावी. मुलगी अंगाची घडी करून तिथे बसली.

चंदेरी नव्यासारखी चकाकत होती. साहेबांनी ती लांबच्या मोकळ्या रस्त्यावर नेली. कानसेन शेजारी डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना गाडी कणभर अडखळत होती, उंबऱ्यावर म्हातारं माणूस थबकतं तशी. इंजिनात जाड तेल ओतून खडखड दाबून टाकली होती. फार तर चार महिने, कानसेनांनी हिशेब केला. मग भर रस्त्यात कपाळावर हात मारून बसेल. वा! बस म्हणावं.

"छान आहे, नाही?" साहेब म्हणाले.

"गाडी म्हणजे गाडी आहे," कानसेन म्हणाले. कागद लिहीपर्यंत खोटं बोलायची गरज नव्हती.

मग निळी. चौदा वर्षांची, रंग जरा विटलेला. बॉनेट गार. किल्ली फिरवल्याबरोबर इंजिन एका दमात उठलं आणि असं काही बोललं की कानसेनांच्या अंगावर काटा आला. ना खडखड, ना धाप. चारही टायर एकाच बनावटीचे, चालकाच्या सीटची कड झिजलेली. कुणीतरी रोज हौसेनं चालवलेली, हौसेनं जपलेली गाडी. मनातल्या मनात ते तिच्या पाया पडले. असली गाडी या माणसाला? या जन्मी तरी नाही.

साहेबांनी तिला वळणाच्या रस्त्यावर घातलं. आणि कबूल करायला हवं, हात चांगला होता. वळणाआधी वेग उतरवायचा, मध्यावर हलकेच अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा, स्टिअरिंगशी झोंबाझोंबी नाही. बहात्तर वर्षांचा तो माणूस विशीतल्यासारखा दिसायला लागला. मागून मुलगी म्हणाली, "बाबा, किती दिवसांनी हसताय हो!" ते ऐकून कानसेनांचा जळफळाट झाला. याला हसू येतंय, आणि मी पंपावर दोन वर्षं ऊन खाल्लं.

तेवढ्यात तो माणूस दिसला. रस्त्याच्या डाव्या कडेनं हातात सायकल धरून चाललेला, मागे भलंमोठं खोकं बांधलेलं. शंभर पावलांवरून दिसत होता. साहेब आता बाजूला घेतील, आता घेतील, म्हणेपर्यंत गाडी त्याच्या अंगावर. कानसेनांनी हात घालून स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. आरसा खोकं खरवडत गेला. साहेबांनी कचकन ब्रेक दाबला.

"कुठून उपटला हा गाढव?" साहेब ओरडले.

कानसेन त्यांच्याकडे बघतच राहिले. निघताना फाटकाचा डावा खांब बोटभर अंतरानं वाचला होता. चंदेरी गाडीत त्यांनी स्वतः डावीकडून पुढे केलेली पाण्याची बाटली साहेबांनी घेतली नव्हती. तेव्हा वाटलं होतं, गुर्मी. गुर्मी कसली! या माणसाला डाव्या बाजूचं दिसतच नव्हतं.

आणि मग कानसेनांना असा आनंद झाला म्हणता! सडकी गाडी गळ्यात मारून चार महिने वाट कशाला बघायची? खोटं तरी कशाला लिहायचं? आयतंच हातात आलं होतं, आणि तेही खरं.

दलालाच्या अंगणात परतल्यावर त्यांनी निळ्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं, सही केली आणि तो साहेबांच्या पुढे आलेल्या हातात न देता मुलीच्या हातात दिला. तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"चंदेरी गाडी घेऊ नये, गिअरबॉक्स संपलेला. निळी गाडी निर्दोष. चालकास..." ती थांबली.

"वाचा की," कानसेन म्हणाले.

"चालकास डाव्या बाजूचे दिसत नाही. त्यास कोणतीही गाडी चालवू देऊ नये."

साहेबांचा चेहरा तांबडा झाला. "तुला गाड्या तपासायला आणलंय, मला नाही! कोण समजतोस तू स्वतःला?"

हा 'तू' कानसेनांच्या ओळखीचा होता. त्यांनी सगळं सांगितलं. हवा, अर्धा तास, भिंत, चाळीस माणसं, पाना. तेवीस वर्षं घोळवलेली वाक्यं होती, एकही चुकलं नाही. सांगून झाल्यावर ते थांबले. आता हा माणूस पांढराफटक पडेल, ही घटका त्यांनी हजारदा पाहिली होती.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. ते खरोखर आठवायचा प्रयत्न करत होते.

"कुठल्या गिऱ्हाइकाची गाडी?" ते म्हणाले. "किती माणसं आली न् गेली हो. असेल झालं तसं. मला नाही आठवत."

कानसेनांना वाटलं, त्याच्या थोबाडीत मारावी. नुसतं 'नाही केलं' म्हणाला असता तरी चाललं असतं.

"म्हणजे सूड उगवताय तुम्ही," मुलगी म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाचं एवढंसं सुख तुम्हाला बघवत नाही."

"हो, नाही बघवत. सूडच आहे," कानसेन म्हणाले. "पण खोटा नाही. साहेब, समोर बघा. मान हलवायची नाही. तुमची मुलगी कुठे उभी आहे?"

मुलगी कागद घेऊन ऑफिसकडे निघाली होती, ती साहेबांच्या डाव्या हाताला, दोन पावलांवर थांबली होती. तिनं तोंड उघडलं, पण कानसेनांनी ओठांवर बोट ठेवलं.

"आत गेली असेल ऑफिसात," साहेब म्हणाले. "का?"

मुलीनं डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुसत राहिली. आपल्या घरच्या गाडीचा डावा आरसा वर्षात दोनदा फुटला होता, उभ्या गाडीला कुणीतरी ठोकलं असं बाबा म्हणाले होते, हे ती कुणालाच उद्देशून नसल्यासारखं बोलली. आवाज अगदी जवळून आला तसे साहेब दचकून वळले. तिला पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं.

बराच वेळ ते निळ्या गाडीच्या छपरावर हात ठेवून उभे राहिले. रागाचा मागमूस नव्हता. कानसेनांना तो हवा होता; रागावर आणखी बोलता आलं असतं.

"कानसेन," साहेब म्हणाले, "तुम्ही चालवाल का एकदा? त्या वळणापर्यंत. मी शेजारी बसतो."

हा माणूस आपल्याकडे काहीतरी मागतोय, हे कानसेनांच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. मागू दे. नाही म्हणायची फार इच्छा झाली. पण आयुष्यात अशा शेकडो गाड्या त्यांनी शेजारच्या सीटवरून ऐकल्या होत्या, चालवायला एकही मिळाली नव्हती. त्यांनी दलालाकडून किल्ली घेतली.

सीट पुढे ओढली, आरसे आपल्याजोगे केले, किल्ली फिरवली. इंजिन उठलं. पायाखाली ती ताकद जाणवली आणि क्षणभर ते साहेबांना विसरले.

मग बाजूला बघितलं. साहेब जन्मभर स्टिअरिंगमागे बसलेले. त्यांचा हात सवयीनं उजव्या खांद्यावर गेला आणि तिथे पट्टा चाचपू लागला. तिथे पट्टा नव्हता. तो डावीकडे, हाताच्या अंतरावर लटकत होता. साहेबांनी पुन्हा उजवा खांदा चाचपला, मग सीटची कड, मग पुन्हा खांदा. कुणाला विचारलं नाही.

कानसेनांनी पट्टा काढून दिला नाही. पट्टा लागेपर्यंत गाडीही हलवणार नव्हते, मग अर्धा तास का लागेना. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, इंजिन चालू ठेवून ते समोर बघत बसून राहिले.